इटालियन पूर्वजांचं गाव शोधायला निघताय? आधी हे वाचा (पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी)

सगळ्यात आधी एकच सांगते, गावाचं नाव हातात नसेल तर इटलीचं तिकीट काढू नका. "आमचे पणजोबा नेपल्सचे" एवढ्यावर निघालेली मंडळी मी बघितलीत, आठ दिवस पिझ्झा खाऊन, पॉम्पेई बघून परत येतात आणि मूळ काही सापडत नाही, कारण पणजोबा नेपल्सचे नसतातच, ते फक्त नेपल्सच्या बंदरातून बोटीत बसलेले असतात.

हे मराठीत कशाला असं कोणी विचारेल, तर अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आपल्यापैकी बऱ्याच जणींचं आणि जणांचं सासर इटालियन वंशाचं आहे. माझंही आहे, न्यू जर्सीतलं, मूळ अवेल्लिनो जिल्ह्यातल्या डोंगरातलं. आणि अशा घरात काय होतं की मूळ शोधायची हौस सगळ्यांना असते पण फाइल उघडून बसणारं एकच माणूस असतं, आणि ती बहुतेक वेळा सून असते. तर त्या सुनेसाठी (आणि जावयासाठीपण) हे लिहितेय. मी अमेरिकेचं उदाहरण धरून लिहिलंय, ब्राझील-अर्जेंटिनाकडे गेलेल्यांसाठी इकडचे कागद वेगळे पण इटलीतलं सगळं सेमच.

स्टेप १: घरातली म्हातारी माणसं आणि घरातले डबे

आधी सासूबाई, आत्तेसासू, चुलत सासरे, जे कोणी ऐंशीच्या पुढचे असतील त्यांच्याकडे बसा, फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि त्यांना बोलू द्या. प्रश्न फार विचारू नका, जुने फोटो समोर ठेवा, फोटो बघून माणसं आपोआप बोलतात. नावं, टोपणनावं, कोण कुठल्या बोटीतून आलं, कोण परत गेलं, गावात कुठल्या संताची मिरवणूक निघायची, हे सगळं लिहून घ्या. संताचं नाव फालतू वाटेल पण पुढे दोन सारख्या नावांच्या गावांत निवड करायची वेळ आली की तेच कामाला येतं. फोटोंच्या मागे काय लिहिलंय बघा, जुनी पत्रं असतील तर पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बघा, मेलेल्या माणसाच्या नावाची छोटी छापील प्रार्थनेची कार्डं असतात ती बघा.

आणि घरात एक स्टोरी हमखास सांगतील की एलिस आयलंडवर (न्यू यॉर्क बंदरातलं बेट, बोटीने येणाऱ्यांची तपासणी तिथे व्हायची) ऑफिसरने आमचं आडनाव बदललं. ऐकून घ्या, वाद घालू नका, पण त्यावर विश्वास ठेवून शोध घेऊ नका. बोटीच्या याद्या इटलीतल्या बंदरावरच बोट कंपनी तयार करायची आणि एलिस आयलंडवाले त्याच यादीवरून नाव वाचून टिक करायचे. आडनाव बदललं ते नंतर, शाळेत, कारखान्यात, किंवा माणसाने स्वतःच सोयीसाठी बदललं. म्हणजे यादीत बहुतेक वेळा मूळ इटालियन आडनावच सापडतं, आणि पहिलं नावही मूळचं, घरात सगळे ज्यांना जिमी म्हणायचे ते यादीत विंचेन्झो म्हणून असू शकतात.

स्टेप २: गावाचं नाव काढणं (खरं काम हेच)

इटलीत सगळे जन्म-मृत्यू-लग्नाचे दाखले गावपातळीवर असतात. गावाच्या नगरपालिकेला कोमूने म्हणतात. देशभराचं एकच असं आडनावाने शोधायचं रजिस्टर नाहीये, त्यामुळे कोमूनेचं नाव मिळालं की निम्मं काम झालं, नाही मिळालं तर काहीच झालं नाही. नाव कुठे मिळतं ते माझ्या पसंतीच्या क्रमाने सांगते.

नागरिकत्वाचे कागद. पणजोबा अमेरिकन सिटिझन झाले असतील आणि तेही सप्टेंबर १९०६ नंतर, तर त्या अर्जात जन्मगाव आणि जन्मतारीख असते, कारण तेव्हापासून देशभर एकसारखे फॉर्म आले. त्याआधीच्या अर्जांत बहुतेक वेळा फक्त "इटलीच्या राजाची निष्ठा सोडतो" एवढंच असतं, त्याचा काही उपयोग नाही. पणजीचे स्वतःचे कागद मिळाले नाहीत तर घाबरू नका, १९२२ पर्यंत बायको नवऱ्याबरोबर आपोआप सिटिझन व्हायची, तिचा वेगळा अर्जच नसायचा. आणि जे कधी सिटिझन झालेच नाहीत त्यांच्यासाठी १९४० साली सुरू झालेलं परदेशी नागरिकांचं रजिस्ट्रेशन आहे, चौदा वर्षांवरच्या सगळ्यांना ते करावं लागलं होतं, त्या फॉर्मातही जन्मगाव असतं. हे फार लोकांना माहीत नसतं.

बोटीची यादी. एलिस आयलंड १८९२ ला सुरू झालं, त्याच्या याद्या ऑनलाइन फुकट बघता येतात. १९०७ पासूनच्या याद्या सोन्यासारख्या आहेत कारण त्यात जन्मगावही असतं आणि मागे गावात राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ताही असतो. यादी दोन पानांची असते, डावं आणि उजवं, लोक डावं पान डाउनलोड करतात आणि खूश होऊन थांबतात. उजवं पान उघडाच. दुसरं म्हणजे त्याच पानावर वरखाली बघा, एकाच गावातले चार-पाच जण बरोबर निघालेले असायचे, तुमच्या माणसापुढे गावाचं नाव वाचता येत नसेल तर शेजारच्या ओळीत येईल. आणि पुरुष अनेकदा दोन-तीन वेळा ये-जा करायचे, हंगामी कामाला यायचे आणि परत जायचे, त्यामुळे एक यादी सापडली म्हणून थांबू नका, दुसऱ्या खेपेच्या यादीत अक्षर चांगलं असेल. पणजीला शोधताना माहेरच्या आडनावाने शोधा, इटालियन बायका लग्नानंतरही कागदोपत्री माहेरचंच आडनाव लावतात, आजही.

याशिवाय जनगणना (१९५० पर्यंतची सगळी खुली आहे, त्यातल्या १९०० ते १९३० च्या जनगणनांत देशात आल्याचं साल मिळतं, मात्र गाव मिळत नाही), पहिल्या महायुद्धाची ड्राफ्ट कार्डं (सैन्यभरतीची नोंद), सोशल सिक्युरिटीचा मूळ अर्ज ज्यात आईवडिलांची नावं असतात, आणि अमेरिकेतल्या ज्या इटालियन चर्चमध्ये लग्न झालं तिथलं रजिस्टर. शेवटच्याला लोक विसरतात, पण लग्न लावताना पाद्री मूळ गावच्या चर्चकडून बाप्तिस्म्याचा दाखला मागवायचा, त्यामुळे गावाचं नाव बऱ्याचदा तिथे सापडतं.

आता नाव मिळालं तरी ते नीट तपासा. कागदावर जे नाव आहे ते फ्राझिओने म्हणजे वाडीचं असू शकतं आणि रेकॉर्ड वेगळ्याच कोमूनेत असतील. काही शहरांची नावंच बदललीयत, सिसिलीतलं जिर्जेंती १९२७ ला अग्रिजेंतो झालं, त्याच वर्षी कास्त्रोजोव्हान्नीचं एन्ना झालं. जिल्हेपण बदललेत, मातेरा आधी पोतेन्झा जिल्ह्यात होतं. आणि क्वचित गावच जागेवर नसतं. बेलिचे खोऱ्यातलं जिबेलिना १९६८ च्या भूकंपात पडलं आणि नवीन गाव लांब दुसरीकडेच वसवलं, बाझिलिकातातलं क्राको १९६३ च्या दरडीनंतर रिकामं होत गेलं आणि आज ते ओस गाव म्हणून टुरिस्ट बघतात. कागदपत्रं मात्र गाव पडलं म्हणून गेलीच असं नाही, ते पुढे सांगते.

स्टेप ३: आंतेनाती पोर्टल, घरबसल्या

आंतेनाती म्हणजे पूर्वज. इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचं हे पोर्टल आहे, फुकट आहे, आणि कोट्यवधी पानांचे फोटो तिथे आहेत. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवरही बरंच काही आहे, दोन्ही बघा. आंतेनातीवर काही जिल्ह्यांपुरता नावाने सर्च चालतो, बाकी ठिकाणी जिल्हा, मग कोमूने, मग साल असं उघडून पानं उलटायची. प्रत्येक वर्षाच्या रजिस्टरच्या शेवटी बहुतेक वेळा नावांची अनुक्रमणिका असते, आधी तिथे जा.

कुठपर्यंत मागे जाता येतं ते प्रदेशावर आहे. दक्षिणेत मुख्य भूमीवर १८०९ पासून सरकारी नोंदी आहेत, नेपोलियनची मंडळी राज्य करत होती तेव्हा सुरू झाल्या, सिसिलीत १८२० पासून, आणि एकत्र इटलीत सगळीकडे १८६६ पासून, व्हेनेतो आणि रोमच्या भागात १८७१ पासून. म्हणजे गंमत अशी की गरीब दक्षिणेतल्या शेतमजुराचं घराणं शोधणं बऱ्याचदा उत्तरेतल्यापेक्षा सोपं जातं.

आणि रजिस्टरच्या दोन प्रती निघायच्या, एक कोमूनेत राहायची, एक कोर्टाकडे जायची आणि सत्तर वर्षांनंतर ती सरकारी अभिलेखागारात. म्हणून कोमूनेची इमारत भूकंपात पडली किंवा जळली तरी दुसरी प्रत असू शकते. कोणी "सगळं जळलं" म्हणालं तर लगेच हार मानू नका.

इटालियन येत नाही म्हणून घाबरू नका, या नोंदी ठरलेल्या साच्यात असतात, दहा वाचल्या की अकरावी डोळ्यांनी ओळखता येते. जन्म म्हणजे नाशिता, लग्न मात्रिमोनियो, मृत्यू मोर्ते. तारखा आकड्यात नसतात, अक्षरी असतात, म्हणून एक ते शंभर इटालियन आकडे पाठ करा, एका वीकेंडचं काम आहे. बापाच्या नावाआधी "दी" असेल तर बाप तेव्हा हयात, "फू" असेल तर वारलेला, या एका अक्षरावरून मृत्यूची नोंद कुठल्या सालाआधी शोधायची ते कळतं. महिन्यांचा एक घोळ आहे, जुने कारकून ७ लिहून पुढे "ब्रे" जोडायचे, तो जुलै नाही, सप्टेंबर आहे. तसंच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. या घोळामुळे चुकीचा माणूस वंशवृक्षात चढलेला मी बघितलाय.

त्याहून मोठा घोळ नावांचा. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचं, दुसरीला आईच्या आईचं, ही पद्धत दक्षिणेत अगदी कडक पाळायचे. परिणाम काय, चार भावांच्या घरात एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे चार चुलतभाऊ, वयात दोन-तीन वर्षांचा फरक. शिवाय मूल दगावलं तर पुढच्या मुलाला तेच नाव द्यायचे. तर जन्माची नोंद सापडली की नाचायच्या आधी आईचं नाव जुळवा, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांच्या मृत्यूंच्या अनुक्रमणिकेत ते मूल नाहीये ना ते बघा.

सगळ्यात जास्त माल लग्नाच्या जोडकागदांत असतो, आल्लेगाती म्हणतात त्याला. लग्नाच्या वेळी वधूवरांचे जन्मदाखले, आईवडील वारले असतील तर त्यांचे मृत्यूदाखले, आणि दक्षिणेत जुन्या काळी वडील नसतील तर आजोबांचाही मृत्यूदाखला लावायचे, कारण मग परवानगी आजोबांची लागायची. एका लग्नाच्या पुडक्यात तीन पिढ्या निघतात. ऑनलाइन असेल तर तिथेच चहा घेऊन बसा.

स्टेप ४: जायच्या आधी पत्र लिहा

कोमूनेच्या वेबसाइटवर जन्म-मृत्यू खात्याचा इमेल असतो, खात्याचं नाव स्तातो चिविले. इमेल इटालियनमध्येच लिहा, भाषांतराच्या ॲपने चालतं, पण वाक्यं छोटी ठेवा. एका इमेलमध्ये एक किंवा दोनच माणसं विचारा, नाव, आईवडिलांची नावं, जन्माचं साल, आणि आम्ही अमुक आठवड्यात येतोय, भेटायला वेळ मिळेल का असं. सोबत पासपोर्टची कॉपी आणि एका पानाचा वंशवृक्ष जोडा. अख्खं झाड पाठवू नका, छोट्या गावात त्या खात्यात एकच माणूस असतो आणि तोच बाकीची चार कामंही करतो, वर गेली काही वर्षं नागरिकत्वासाठी दाखले मागणाऱ्यांच्या इमेलखाली ही ऑफिसं अक्षरशः दबलीयत. उत्तर यायला आठवडे लागतात, कधी येतच नाही, मग सकाळच्या वेळी फोन करा. फीचं आधीच विचारा, २०२५ पासून शंभर वर्षांपेक्षा जुन्या दाखल्यांसाठी कोमूनेला ३०० युरोपर्यंत फी लावायची मुभा आहे, सगळे लावत नाहीत, आणि साल-नाव नेमकं दिलं तर कमी पडू शकते. म्हणून जे आंतेनातीवर फुकट आहे त्याचे दाखले मागत बसू नका.

चर्चचं वेगळं. बाप्तिस्मा आणि लग्नाची रजिस्टरं ठेवायचा नियम कॅथलिक चर्चच्या १५६३ च्या ट्रेंट परिषदेतला, त्यामुळे नशीब चांगलं असेल तर सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंत जाता येतं. पण पाद्री इमेलला क्वचितच उत्तर देतात, एकेक पाद्री तीन-तीन गावं सांभाळतो, आणि जुनी रजिस्टरं बऱ्याचदा बिशपच्या अभिलेखागारात नेऊन ठेवलेली असतात. आधी तेवढं विचारून घ्या, नाहीतर गावात पोहोचल्यावर कळतं की वह्या साठ किलोमीटर लांब आहेत आणि ते ऑफिस आठवड्यातून दोन दिवस उघडतं.

स्वतः करायला वेळ नसेल तर इतालेआ नावाचं नेटवर्क आहे, इटलीच्या परराष्ट्र मंत्रालयाने मुळांच्या पर्यटनासाठी उभं केलंय, २०२४ हे साल त्यांनी त्यासाठीच जाहीर केलं होतं. प्रदेशवार टीम आहेत. पैसे देऊन वंशावळतज्ज्ञही मिळतात, पण गावाचं नाव तुम्ही काढून दिलंत तर बिल निम्मं होतं.

स्टेप ५: कधी जायचं, कसं जायचं

इथे एक पेच आहे. कागद हवे असतील तर मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. माणसं हवी असतील तर ऑगस्ट. मुंबईचे चाकरमानी गणपतीला कोकणात उतरतात ना, अगदी तसंच ऑगस्टमध्ये मिलानो-तोरिनोला, जर्मनी-स्वित्झर्लंडला गेलेली सगळी मंडळी गावात येतात, संताची मिरवणूक असते, बंद घरं उघडतात. पण १५ ऑगस्टच्या आजूबाजूला सरकारी ऑफिसात चिटपाखरू नसतं. माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी कागद आंतेनातीवरून जमेल तेवढे काढा आणि माणसं भेटतील तेव्हा जा. ऑगस्टचं तिकीट परवडत नसेल तर २ नोव्हेंबर धरा, त्या दिवशी अख्खं गाव फुलं घेऊन दफनभूमीत असतं आणि कोण कोणाच्या थडग्यापाशी उभं आहे यावरून नातं कळतं.

भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागतो, अमेरिकन ग्रीन कार्ड असलं तरी लागतो, फी ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाहीत, तीन महिने आधी लागा. नवरा अमेरिकन पासपोर्टवर निवांत आणि आपण बँक स्टेटमेंट गोळा करतोय हे चित्र आमच्या घरी नेहमीचं आहे.

डोंगरातल्या गावांना ट्रेन नसते, बस असते पण दिवसाला दोन-तीन आणि रविवारी जवळजवळ नाहीच. गाडी भाड्याने घ्या, भारतीय किंवा अमेरिकन लायसन्सवर इंटरनॅशनल परमिटही लागतं, ऑटोमॅटिक हवी असेल तर आधी सांगा. जुन्या शहरांच्या मधल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र महिन्यांनी घरी येतं, तर गाडी बाहेर लावून चालत जा.

आणि राहायचं गावातच, किंवा शेजारच्या गावात, निदान तीन रात्री. अमाल्फीहून डे-ट्रिप करून मूळ शोधता येत नाही, कारण सकाळी पोहोचेपर्यंत अकरा वाजतात, साडेबारा-एकला ऑफिस बंद, मग चार-साडेचारपर्यंत रस्त्यावर फक्त मांजरं.

स्टेप ६: गावात पोहोचल्यावर

कोमूनेत जायच्या आदल्या संध्याकाळी चौकातल्या बारमध्ये जा. बार म्हणजे कॉफीचं दुकान, दारूचा अड्डा नाही, सासूबाईंना न्यायला हरकत नाही. सोबत तीन गोष्टी ठेवा: इटालियनमध्ये छापलेला मोठ्या अक्षरातला एका पानाचा वंशवृक्ष, जुने फोटो कागदावर प्रिंट करून, आणि आडनाव व सालं लिहिलेली चिठ्ठी. फोनवर फोटो दाखवू नका. ऐंशी वर्षांच्या माणसाला स्क्रीनवर दिसत नाही, पण कागद टेबलावर ठेवला की तो चष्मा काढतो, शेजारच्याला हाक मारतो, दहा मिनिटांत चार डोकी त्यावर वाकलेली असतात आणि भांडण सुरू होतं की ही बाई अमक्याची बहीण की वहिनी.

आडनाव सांगितल्यावर ते उलट विचारतील, कुठले? कारण त्या आडनावाची गावात पंधरा घरं असतात आणि ओळख असते ती टोपणनावाने, प्रत्येक घराण्याचं एक पिढीजात टोपणनाव असतं, कोणी चांभारवाले, कोणी लंगड्याचे, असं. घरच्या म्हाताऱ्यांकडून ते टोपणनाव मिळालेलं असेल तर एका वाक्यात तुमचं घर सापडतं. आणि हे लोक बोलतात ती बोली, ॲपमधलं शुद्ध इटालियन नाही, त्यामुळे बारमधल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला मध्ये घ्या.

कोमूनेत सकाळी उघडल्या उघडल्या जा, हसतमुखाने, कुरकुर न करता. अनाग्राफे म्हणजे रहिवाशांची नोंद, तिथला माणूस जिवंत नातेवाइकांचा पत्ता प्रायव्हसीमुळे देणार नाही, पण बऱ्याचदा स्वतःच फोन उचलून त्यांना "अमेरिकेचे पाहुणे आलेत" म्हणून कळवतो. प्रो लोको नावाची स्थानिक हौशी लोकांची संस्था बहुतेक गावांत असते, तेही मदत करतात. चौकातलं पहिल्या महायुद्धाचं स्मारक बघा, त्यावर गावातली आडनावं सरळ यादीत कोरलेली असतात.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या अभिलेखागारात एक दिवस ठेवा. सैन्यभरतीच्या याद्या तिथे असतात, गावातल्या प्रत्येक मुलाचं नाव त्यात यायचं, उंची, केसांचा रंग, धंदा, लिहिता-वाचता येतं का, आणि अमेरिकेला गेल्यामुळे गैरहजर असेल तर तसा शेरा. पणजोबांचा फोटो नसेल तर हे वर्णन हाच फोटो. स्वतःच्या फोनने फोटो काढायला २०१७ पासून पैसे लागत नाहीत, फ्लॅश बंद. जुन्या नेपल्स राज्यातल्या गावांसाठी नेपल्सच्या अभिलेखागारात अठराव्या शतकाच्या मध्यातलं कातास्तो ओन्चारियो आहे, घरातली माणसं, जमीन, गाढवं-बैलांसकट करनोंद, ज्यांना अजून मागे जायचंय त्यांनी बघावं.

दफनभूमीत एक धक्का बसतो तो आधीच सांगते. पणजोबांच्या आईबापांची थडगी बहुतेक सापडणार नाहीत. जमिनीत पुरलेल्यांना साधारण दहा वर्षांनी बाहेर काढून अस्थी एकत्र ठेवायची पद्धत आहे, आणि भिंतीतले कप्पे ठराविक मुदतीसाठी असतात. जे सापडतात त्यांवर चिनी मातीवर छापलेले फोटो असतात, सगळ्यांचे फोटो काढा, आज अनोळखी वाटलेली आडनावं घरी आल्यावर झाडात सापडतात.

नातेवाईक भेटलेच तर जेवायला बसवतील, नाही म्हणता येत नाही. शाकाहारी असाल तर पहिल्या दिवशीच सांगून टाका, मग ते वांगी, शेंगा, चीज, पास्ता असं इतकं वाढतात की मांसाची आठवण कोणालाच येत नाही, फक्त सूप कशात शिजवलंय ते एकदा विचारा. रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि त्यांच्या घरच्या जमिनीचा, जुन्या घराच्या मालकीचा विषय आपणहून काढू नका. अमेरिकेहून माणूस आला की काहींच्या मनात पहिली शंका हीच येते की हे वाटा मागायला आलेत.

नागरिकत्वाचं काय?

हे सगळे विचारतातच. आधी कितीही पिढ्या मागचा पूर्वज चालायचा, पण २८ मार्च २०२५ च्या वटहुकुमाने आणि त्यानंतरच्या कायद्याने आता साधारणपणे आईवडील किंवा आजीआजोबा यांच्यापर्यंतच हक्क जातो, त्यातही अटी आहेत. पणजोबांवरून पासपोर्ट मिळेल या आशेने हा खटाटोप करणार असाल तर आधी वकिलाला विचारा. मुळं शोधायला मात्र पासपोर्टची काही अट नाही.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यातच सगळे फोटो गाव-साल-रजिस्टर-नोंदक्रमांक अशा नावाने सेव्ह करा, महिनाभराने कुठलं पान कशाचं ते काही केल्या आठवत नाही. आणि बारमधल्या ज्या आजोबांनी मदत केली त्यांना फोटोची प्रिंट पोस्टाने पाठवा, व्हॉट्सॲप त्यांच्या नातवाकडे असतं.